बाबा आणि गुरुवारची मॅकरोनी

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आमच्या घरी दर गुरुवारी खिमा-मॅकरोनी व्हायची. खिमा बीफचा. इतकं स्वस्त, इतकं पोटभरीचं आणि इतकं बिनकटकटीचं दुसरं काही मला येत नव्हतं. शिकागोजवळ शॉमबर्गच्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नवऱ्याचं प्रोजेक्ट मार्चमध्ये संपलं होतं. नंतर जे मिळालं ते लांबचं होतं, कमी पैशाचं होतं आणि कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. तेव्हा घरात बसून मी काटकसर करायचे, आणि त्याची प्रौढीही मिरवायचे.

ही मॅकरोनी मला समोरच्या दारातल्या अमेरिकन बाईने शिकवली. तिला तीन मुलगे, तिन्ही खादाड. ती या पदार्थाला गूलाश म्हणायची. मोठ्या पातेल्यात खिमा टाकायचा आणि उलथन्याने मोडत मोडत तांबूस होईपर्यंत परतायचा. सुटलेली चरबी एखाद्या रिकाम्या डब्यात ओतायची, सिंकमध्ये नाही, नाहीतर पाइप तुंबतो. मग कांदा, डब्यातले टोमॅटो, पाणी, आणि मॅकरोनी कच्चीच त्यात शिजायला सोडायची. दुसरं भांडं नाही, गाळणं नाही. घरात जे असेल ते घाल, ही कधी बिघडत नाही, असं तिने बजावलं होतं. मी तिचं म्हणणं जरा जास्तच मनावर घेतलं. आलं-लसूण घातलं, आईने पाठवलेला काळा मसाला घातला, मटार घातले, मक्याचे दाणे घातले. एकदा टोमॅटोचा डबा संपला होता तर चिंचेचा कोळ आणि केचप घातलं. एकदा उरलेली चवळीची उसळ लोटून दिली. खरंच कधी बिघडली नाही. मॅकरोनी मी मुद्दाम जास्त शिजवायचे, कारण लेक सहा वर्षांची, तिचे पुढचे दात पडलेले, आणि चावायचं म्हटलं की ती रडगाणं लावायची.

माझ्या माहेरी, नागपूरला, बीफ चालत नसे. गाय देवता वगैरे म्हणून नाही. आम्ही बौद्ध, आमचं कारण वेगळं होतं. बाबांच्या खेड्यात गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे आमच्या लोकांचं काम होतं, आणि त्याचं मांस हीच त्या कामाची मजुरी. दीक्षा घेतल्यावर वस्तीने ठरवलं की यापुढे ढोर ओढायचं नाही आणि खायचंही नाही. आजीने मांस वाळत घालायची दोरी चुलीत घातली. बाबा तेव्हा शाळकरी पोर होते. त्यानंतर त्यांनी ते तोंडात घातलं नाही. शिकले, पोस्टात लागले, नागपूरला घर बांधलं, आणि लग्नानंतर आईने नियम आणखी घट्ट केला. आमच्या स्वयंपाकघरात तो शब्दही काढायची सोय नव्हती.

सासरची माणसंही आपलीच, पण चंद्रपूरची, आणि त्यांच्याकडे रविवारी बाजारातून मोठ्याचं, म्हणजे बीफचं, मटण यायचं. त्यावरून लग्नाच्या बोलणीतच बाबांची आणि माझ्या सासऱ्यांची चांगली जुंपली होती. चहा गार झाला तरी दोघं थांबेनात. शेवटी आईने आतून आवाज दिला की पोरीचं लग्न ठरवून राहिले की निवडणूक लढवून राहिले, तेव्हा कुठे तारखेचा विषय निघाला. मी लग्न करून गेले आणि बघता बघता सासरच्या पक्षाला जाऊन मिळाले.

मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले. एकटेच. वहिनीचं बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून आई मागे थांबली. मी चार वर्षांनी बाबांना पाहत होते. विमानतळावर ते दारातून बाहेर आले तेव्हा मला वाटलं, इतके कसे म्हातारे झाले. गाल बसलेले, बोलणं तोंडातल्या तोंडात. प्रवासाचा शीण असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. पहिल्याच गुरुवारी मी त्यांना सरळ सांगितलं, "बाबा, हे पातेलं आमचं. यात बीफ आहे. तुमच्यासाठी वेगळं केलंय." चोरून शिजवणं माझ्याच्याने झालं नसतं.

बाबांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमचं तुम्ही खा," ते म्हणाले. "मी काय पोलीस आहे का?"

तो विषय तिथे संपला. पण दुसरा सुरू झाला, आणि तो बीफपेक्षा कितीतरी वाईट होता. बाबा जेवेनात.

मी त्यांच्यासाठी काय केलं नाही? इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ आणून भाकरी थापली. बाबांनी ती वरणात इतका वेळ भिजवली की तिचं पिठलं झालं, आणि त्यातले चार घास खाऊन ताट सरकवलं. कोंबडीचा रस्सा केला, तर रस्सा प्यायले आणि तुकडे तसेच. मटण आणलं, तर म्हणाले, रात्रीचं जड होते. दुपारी केलं, तर म्हणाले, ऊन आहे. चिवडा पुढे केला, नको. दाणे आवडायचे म्हणून भाजले, नको. वरण-भात कालवून तेवढा खायचे, तोही पोर खाईल इतकाच, आणि वर ताक. विचारलं की ठरलेलं उत्तर, "भूक नाही बाप्पा. इथलं पाणी मले लागत नाही."

जो माणूस पोस्टातून आल्यावर ताटात तीन भाकरी आहेत की दोन हे आधी बघायचा, त्याला भूक नाही! मी पहिला आठवडा रागावून काढला. मला वाटलं, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत म्हणून असं करताहेत. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आईशिवाय करमत नसेल. मग एके दिवशी सकाळी पाहिलं तर बाबा बाल्कनीत बसून स्क्रूड्रायव्हरने पट्ट्याला नवीन भोक पाडत होते. मला पाहिल्यावर त्यांनी पट्टा मांडीखाली सारला. त्या दिवसापासून माझा राग गेला आणि भीती बसली.

भीतीला कारण होतं. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, असेच गेले होते. आधी जेवण तुटलं, मग आवाज बदलला, मग गळ्यात गाठ निघाली, आणि त्यांनी वर्ष काढलं नाही. आता मी बाबांचं बोलणं कान देऊन ऐकायला लागले. शब्द खरंच निसटत होते. 'स' नीट येत नव्हता. बोलताना हात तोंडापुढे जायचा. कमी बोलणारा माणूस आणखी कमी बोलायला लागला होता. संध्याकाळी कॉम्प्लेक्समधल्या तळ्याभोवती सगळ्यांचे आई-वडील फेऱ्या मारायचे, पुण्याचे काका, हैदराबादचे अंकल, पण बाबा त्यांच्यापासून दोन पावलं मागे. घरी आले की आधी बाथरूममध्ये जाऊन दार लावायचे आणि बराच वेळ नळ वाहायचा. मी दाराशी उभी राहून कानोसा घ्यायचे. खोकतात का? उलटी होते का? नवरा म्हणायचा, "अगं, सीआयडी आहेस का तू?" पण काळजी त्यालाही होती.

डॉक्टरकडे न्यायचं तर तेही सोपं नव्हतं. पाहुण्यांचा विमा काढला होता, पण आधीपासून असलेला आजार निघाला तर त्यात काहीच बसत नव्हतं. आणि गळ्यात गाठ असली तर ती काही विमानात बसल्यावर झालेली नसणार. एका शनिवारी आम्ही दोघं कारमध्ये बसून बोललो, कारण घरात बोलायची सोय नव्हती.

"बाबांना लवकर परत पाठवायचं का?" नवऱ्याने विचारलं. "तिथे सगळं नीट चेक होईल. तिकीट प्रीपोन करता येईल, मी फोन केला होता."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"मग इथे क्लिनिकची अपॉइंटमेंट घेऊ यार. जे होईल ते बघू."

जे होईल ते बघू, हे त्या वर्षी आमच्या घराचं घोषवाक्यच होतं. मी अपॉइंटमेंट घेतली, पुढच्या शुक्रवारची. बाबांना सांगितलं तर ते एकदम चिडले. "मले काऊन नेता? मी काय बिमार आहे? पैसे वर आले का तुमचे?" इतकं लांब वाक्य ते महिनाभरात बोलले नव्हते, आणि त्यातले अर्धे शब्द मला नीट कळले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

आईचा फोन दर शनिवारी संध्याकाळी व्हायचा. कॉलिंग कार्डाचे आकडे दाबून मी फोन लावायचे, तिकडे नागपूरला तिची रविवारची सकाळ असायची. तिचा पहिला प्रश्न एकच, "जेवतात का नीट?"

"हो, जेवतात."

"नीट जेवतात?"

ती दोनदा का विचारते, याचाही मी अर्थ लावला होता. तिला तिथे असतानाच काहीतरी लक्षात आलं असणार, आणि परदेशातल्या पोरीला कशाला घोर म्हणून ती बोलत नसणार. आमच्याकडे परदेशातल्या मुलांना अर्ध्या गोष्टी सांगतच नाहीत. काकू पडली हे मला तिचं प्लास्टर निघाल्यावर कळलं होतं. तेव्हा मीही तिला अर्धंच सांगत होते. दोघी एकमेकींशी खोटं बोलून फोन ठेवायचो.

तर तो गुरुवार. दुसऱ्या दिवशी क्लिनिकची अपॉइंटमेंट. मी पातेलं चढवलं. त्या दिवशी घरात एक ढोबळी मिरची आणि थोडा पालक होता, तो घातला. काळा मसाला घातल्यावर वास सुटला आणि मी खिडकी उघडायला वळले, तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"तुमचा भात लावलाय बाबा, पाच मिनिटं."

"भात नको." ते पुढे आले आणि पातेल्यात वाकून पाहिलं. "हे दे मले."

माझ्या हातात डाव होता, तो तसाच राहिला. "बाबा, ते बीफ आहे."

"माहीत आहे ना. दर गुरुवारी पाहतो. फ्रिजमधलं पाकीट वाचलं मी. त्याच्यावर वजन लिहिलं आहे, तारीख लिहिली आहे, चरबी किती तेही लिहिलं आहे."

"तुम्ही खात नाही ते."

बाबा खुर्ची ओढून टेबलापाशी बसले. हात तोंडापुढे होता, पण आवाज ठाम होता. "आम्ही काय सोडलं? मेलेलं सोडलं. गावानं टाकलेलं सोडलं. कोणाची गाय मेली की पहाटे दाराशी येऊन हाक मारायचे, माय-बापाले नावानं नाही, जातीनं. ते सोडलं. हे तर तू दुकानात जाऊन, रांगेत उभी राहून विकत आणते. तुझा सासरा तेव्हा हेच सांगत होता. मी ऐकून नाही घेतलं." मग म्हणाले, "वाढ आता. वास सुटला आहे."

मी वाढलं. बाबांनी पहिला घास घेतला, जिभेवर फिरवला आणि गिळला. मग दुसरा. मग जेवण म्हणजे काय असतं ते मी महिन्याभरानंतर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खाली मान घालून, कुणाशी न बोलता, चमच्याने ताट खरवडत बाबा जेवले. संपलं. त्यांनी ताट पुढे केलं. मी पुन्हा वाढलं, तेही संपलं. लेक टीव्हीसमोर तिचा बाऊल घेऊन बसली होती, नवरा नुकताच येऊन बूट काढत होता. तो दारातच थांबला आणि मला खुणेने विचारलं, काय? मी सरळ बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि रडले.

कारण आनंद झाला नव्हता. मी घाबरले होते. आमची आजी म्हणायची, बिमार माणूस जन्मभर नको म्हटलेलं मागायला लागलं, की घरच्यांनी समजून घ्यावं. मोठेबाबांनी शेवटी शेवटी भजी मागितली होती, जी त्यांनी पित्तामुळे वीस वर्षं खाल्ली नव्हती. दिली, खाल्ली, आणि सगळे खूश झाले, आणि पुढच्या आठवड्यात ते गेले. आता माझे बाबा, ज्यांनी या गोष्टीपायी व्याह्याशी भांडण केलं, ते पातेल्यात वाकून म्हणतात, दे मले. वर सगळा हिशोब मिटवल्यासारखं बोलतात, सासऱ्याचंही बरोबर म्हणतात. बाबांनी आजवर कुणाचंही बरोबर म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मी नळ सोडून रडत होते आणि मनात तिकीट, विमा, गाठ, आईला काय सांगू, हे सगळं एकदमच चाललं होतं.

मग तोंड धुतलं आणि ठरवलं, आता विचारायचंच. बाहेर आले, त्यांच्यासमोर बसले. नवराही येऊन बसला.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला काय झालंय? उद्या डॉक्टर विचारणारच आहे, त्याच्याआधी मला सांगा. कुठे दुखतं? गिळताना त्रास होतो का? गाठ लागते का हाताला?"

"कशाची गाठ?"

"मोठेबाबांसारखी."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी रडून आले होते हे दिसतच होतं. त्यांचा चेहरा उतरला. "तू एवढं कुठपर्यंत जाऊन पोचली माय?" ते म्हणाले. "तसं काही नाही बाप्पा."

"मग कसं आहे?"

त्यांनी टेबलावरचा मिठाचा डबा इकडून तिकडे सरकवला. मग म्हणाले, "कवळी गेली."

"काय गेलं?"

"कवळी. खालची." आणि त्यांनी तोंडापुढचा हात काढला. मिशांच्या आड वरचे दात होते, चकचकीत, एका ओळीत. खाली नुसत्या हिरड्या.

बाबांना कवळी आहे हेच मुळी मला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी दात काढले, मागच्या दिवाळीनंतर दोन्ही कवळ्या बसवल्या, घरात सगळ्यांना ठाऊक, शेजारच्या मावशींना ठाऊक, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं. खालची पहिल्यापासून टोचायची. विमानात जेवण झाल्यावर बाबांनी ती काढली, चार लोकांत दिसू नये म्हणून कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटलीत ठेवली आणि जरा डोळा लागला. जागे झाले तर ताटली नाही. हवाईसुंदरी केव्हाच सगळं गोळा करून घेऊन गेली होती.

"मग तुम्ही मागितली नाही?"

"काय म्हणून मागू? इंग्रजीत कवळीले काय म्हणते ते आठवेना. आणि ती पोरगी एवढ्या लोकांसमोर कचऱ्यात हात घालून शोधेल, ते मी पाहत बसू?"

"अहो, मग घरी आल्यावर मला तरी सांगायचं!"

"येऊन पाहतो तर जावयाचं काम असं झालेलं. तू पाव किलो भेंडी आणताना दोनदा विचार करते. त्यात मी सांगू, मले दात करून द्या? म्हटलं, दोन-तीन महिन्यांचा तर सवाल आहे. नागपूरले जाऊन करून घेऊ. तोवर वरण-भात आहेच." मग पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पण तुझा वरण-भात खाऊन खाऊन मी कंटाळलो. हे मऊ असते, ते पहिल्यापासून पाहत होतो. पोरगी दात नसून खाते, मग म्हटलं आपल्याले काय धाड भरली? एवढे गुरुवार विचार केला. आज वासानं राहवलं नाही."

टीव्हीसमोरून, मान न वळवता, लेक म्हणाली, "आय न्यू दॅट. आजोबाज टीथ वेंट इन द ट्रॅश. इट वॉज अवर सीक्रेट."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी ओरडले.

"ही सेड डोन्ट टेल."

त्यानंतर जे झालं त्याला हसणं म्हणायचं की रडणं, मला सांगता येत नाही. आधी नवरा हसला. त्याने दाबायचा प्रयत्न केला, जावई ना, पण त्याच्याने राहवेना आणि तो टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. मग मी. मग मी चिडले आणि बाबांना खूप बोलले. महिनाभर माझा जीव टांगणीला, मी दाराशी उभी राहून तुमचं खोकणं मोजते, आणि तुम्ही आत काय करता, तर वरची कवळी धुता! बाबा खाली मान घालून ऐकत होते, आणि मधूनच त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. तोंड उघडं टाकून, हात न धरता. गाठ नव्हती. मोठेबाबा नव्हते. काही नव्हतं, नुसता एक प्लास्टिकचा तुकडा कुठल्यातरी विमानतळाच्या कचऱ्यात गेला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून सगळ्यांना पुन्हा वाढलं, न मागता, आणि स्वतः पातेल्यातूनच खाल्लं. त्या दिवशीची मॅकरोनी जरा खारट झाली होती, हे मला तेव्हा कळलं. कुणी काही बोललं नव्हतं.

शुक्रवारची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मुलगा महिनाअखेरीला नागपूरहून परत येणार होता. तिथल्या डॉक्टरकडे बाबांचं माप होतंच, भावाने नवीन करून त्याच्याबरोबर पाठवायची, असं ठरलं. अडचण एवढीच होती की ते आईच्या नकळत व्हायला हवं होतं.

"आईले सांगू नको," बाबा म्हणाले.

"कोणतं? बीफचं की कवळीचं?"

मला वाटलं होतं ते दोन्ही म्हणतील. त्यांनी विचार केला, चांगला वेळ घेऊन. "कवळीचं," ते म्हणाले. "निघताना तिनं दारात उभं राहून सांगितलं होतं, कागदात गुंडाळून ठेवू नका म्हणून. बीफचं मी सांगतो. मी स्वतः सांगतो. त्यात लपवायसारखं काही नाही."

शनिवारी संध्याकाळी मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. आईचा आवाज त्या फोनमधून खोलीभर यायचा, ती अमेरिकेला ऐकू जावं म्हणून ओरडूनच बोलायची. बाबांनी प्रकृती विचारली, वहिनीची चौकशी केली, नागपूरच्या उन्हाचं झालं. मग त्यांनी घसा साफ केला.

"ऐक. मी इथे मोठ्याचं खाल्लं."

बाबा ताठ बसले आणि बोलायला लागले, दोन दिवस मनात घोळवलेलं सगळं. मेलेलं आणि विकत घेतलेलं, गावाने टाकलेलं आणि आपण निवडलेलं, दोरी, चूल, दुकान, पाकिटावरची तारीख. त्यांच्या आवाजात ते सभेत बोलतात तसा जोर आला होता. मी लेकीला जवळ घेऊन बसले होते, कारण मामाने एकदा आमच्या घरात तो नुसता शब्द काढला तर आईने त्याला पानावरून उठवलं होतं.

बाबांचं संपलं. आई म्हणाली, "बरं. विचार करून खाल्लं असेल तर खाल्लं. पोट भरलं ना?"

"भरलं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांचा नियम, आणि ती पोट भरलं का विचारते.

"पण एक सांगा," आई म्हणाली. "त्या कवळीनं इथे तुम्हाले पोळी तुटत नव्हती. तिथे मोठ्याचं कसं चावलं?"

बाबांनी फोनवर तळहात दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. जातीनं हाक मारणाऱ्या गावाला न भ्यालेला तो माणूस घामाघूम झाला होता.

"सांगून टाका बाबा," मी म्हटलं. "तिला कळलंय."